अकाउंट रिप्रेझेंटेटिव्हचा पगार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या नोकरीत पगाराचे तीन आकडे असतात. एक ऑफर लेटरवरचा, दुसरा टार्गेट पूर्ण झालं तर मिळणारा आणि तिसरा वर्षअखेर बँकेत खरोखर जमा झालेला. हे तीन आकडे क्वचितच जुळतात. ते कशाने ठरतात, वेगळे का पडतात आणि नोकरी घेण्याआधी काय तपासायचं, ते पुढे दिलं आहे. रकमा देशागणिक आणि धंद्यागणिक बदलतात, म्हणून हिशेब समजावताना चलन घेतलेलं नाही. जिथे पगाराचे 'भाग' म्हटलं आहे, तिथे टार्गेट पूर्ण झाल्यावर मिळणारी वर्षाची एकूण कमाई १०० भाग धरली आहे.

अकाउंट रिप्रेझेंटेटिव्ह म्हणजे नेमकं कोण? हे हिशेब विभागातलं काम आहे का?

नाही. इथे 'अकाउंट' म्हणजे कंपनीचा ग्राहक. ठरावीक ग्राहक कंपन्या तुमच्या नावावर असतात. त्यांच्याकडून ऑर्डर आणणं, तक्रारी मार्गी लावणं, करार वाढवून घेणं आणि बऱ्याच ठिकाणी थकबाकी वसूल करणं हे तुमचं काम. जमाखर्च लिहिण्याशी त्याचा संबंध नाही.

पण हेच पदनाम वेगवेगळ्या कामांना लावलं जातं आणि पगाराचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. रुग्णालयात बिलं आणि विम्याचे दावे पाहणाऱ्यालाही काही देशांत हेच पदनाम मिळतं, फोनवर जुन्या ग्राहकांच्या ऑर्डर घेणाऱ्यालाही मिळतं आणि नवीन ग्राहक गाठत फिरणाऱ्यालाही. पहिल्याचा पगार जवळजवळ पूर्ण फिक्स असतो, तिसऱ्याचा निम्मा कमिशनवर अवलंबून असू शकतो. म्हणून जाहिरातीत पदनामाऐवजी एक गोष्ट शोधा: या माणसाच्या नावावर विक्रीचा आकडा लागतो का? लागत असेल तर पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे. लागत नसेल तर तुमचा पगार इतर कार्यालयीन नोकऱ्यांसारखा, पदाच्या श्रेणीवर आणि अनुभवावर ठरेल.

साधारण किती मिळतं?

एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एकाच कंपनीत, एकाच पदावर, एकाच वर्षी दोघांच्या कमाईत दुपटीचा फरक पडणं या कामात नेहमीचं आहे.

धंद्याचा फरक मात्र ठळक दिसतो. अमेरिकेच्या कामगार आकडेवारी विभागाने मे २०२३ साठी दिलेल्या आकड्यांत तांत्रिक आणि वैज्ञानिक माल विकणाऱ्या घाऊक विक्री प्रतिनिधींचं मध्यक वेतन बाकीच्या घाऊक प्रतिनिधींच्या सुमारे दीडपट होतं. कारण सरळ आहे. शस्त्रक्रियेची उपकरणं, औद्योगिक रसायनं किंवा यंत्रसामग्री विकायला विषयाचं ज्ञान लागतं, अशी माणसं कमी मिळतात आणि एका ऑर्डरमागे सुटणारं मार्जिनही मोठं असतं.

सरासरीपेक्षा मध्यक का पाहायचा, तेही समजून घ्या. समजा एका टीममधल्या पाच जणांचं वर्षाचं कमिशन १०, १५, १८, २२ आणि ८५ भाग आहे. सरासरी येते ३०. पण पाचपैकी चौघांना तेवढं मिळालेलंच नाही. रांगेतला मधला आकडा १८ आहे आणि नवीन माणसाने अपेक्षा त्याच्या आसपास ठेवावी. मुलाखतीत "आमच्याकडे लोक सरासरी इतकं कमावतात" असं ऐकलंत तर मधला आकडा विचारा.

फिक्स आणि व्हेरिएबल यांचं प्रमाण किती असतं?

फिक्स म्हणजे विक्री कितीही झाली तरी मिळणारा ठरलेला पगार, व्हेरिएबल म्हणजे कामगिरीवर मिळणारं कमिशन किंवा बोनस. पुढच्या जोड्यांत पहिला आकडा फिक्सचा. नवीन ग्राहक आणणाऱ्या भूमिकेत ५०:५० किंवा ६०:४० सर्रास दिसतं. जुनी खाती सांभाळून वाढवण्याच्या भूमिकेत ७०:३० ते ८०:२०. मुख्यतः सेवा देण्याचं काम असेल तर ९०:१० किंवा नुसता वार्षिक बोनस. तत्त्व असं की ग्राहकाने 'हो' म्हणण्यात तुमचा वैयक्तिक वाटा जितका मोठा, तितका व्हेरिएबल भाग मोठा. ब्रँडच्या जोरावर किंवा दीर्घ करारामुळे आपोआप येणाऱ्या ऑर्डरवर कंपनी मोठं कमिशन देत नाही आणि ते रास्तही आहे.

हे प्रमाण तुमच्या आयुष्यावर कसं परिणाम करतं ते पाहा. दोन नोकऱ्या आहेत, दोन्हींची एकूण कमाई १०० भाग. पहिली ५०:५०, दुसरी ८०:२०, आणि कमिशन विक्रीच्या सरळ प्रमाणात. टार्गेटच्या ७० टक्के काम झालं तर पहिलीत ५० अधिक ३५ म्हणजे ८५ भाग मिळतील, दुसरीत ८० अधिक १४ म्हणजे ९४. काम १३० टक्के झालं तर पहिलीत ११५, दुसरीत १०६. वाईट वर्षातला तोटा आणि चांगल्या वर्षातला फायदा दोन्ही पहिल्या नोकरीत मोठे. घराचा हप्ता आणि शाळेची फी ज्याच्या एकट्याच्या पगारावर चालते, त्याने आधी फक्त फिक्स रकमेत महिना निभतो का ते पाहावं.

आणखी एक बारीक गोष्ट. निवृत्तीसाठीची कपात, रजेचा पगार, नोकरी सुटताना मिळणारी भरपाई अशा गोष्टी बऱ्याच ठिकाणी फक्त मूळ पगारावर मोजल्या जातात. म्हणजे तेच १०० भाग असले तरी ५०:५० मध्ये हे लाभ कमी होतात. ऑफरची तुलना करताना हा फरक धरावा.

कमिशनचे टक्के जास्त असले की कमाई जास्त, हे बरोबर ना?

नाही, आणि सर्वांत जास्त फसगत इथेच होते. बहुतेक कंपन्यांत टक्के आधी ठरत नाहीत. आधी तुमची टार्गेटवरची व्हेरिएबल रक्कम ठरते, मग टार्गेट ठरतं, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागलं की टक्के निघतात. व्हेरिएबल ४० भाग आणि टार्गेट १,००० भागांच्या विक्रीचं असेल तर दर झाला ४ टक्के. पुढच्या वर्षी टार्गेट १,२५० झालं आणि व्हेरिएबल तेवढंच राहिलं तर दर ३.२ टक्क्यांवर आला. पगारवाढीच्या पत्रात कपातीचा शब्दही नसतो, पण तुमच्या प्रत्येक ऑर्डरची किंमत एक पंचमांशाने घटलेली असते.

म्हणून टक्के बाजूला ठेवून टार्गेट तपासा. सबस्क्रिप्शनवर सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांत एक ठोकताळा रूढ आहे: नवीन विक्रीचं टार्गेट प्रतिनिधीच्या एकूण कमाईच्या साधारण ४ ते ६ पट. एकूण १०० भाग मिळणार असतील तर टार्गेट ४०० ते ६०० भागांचं. ८-१० पट सांगत असतील तर एक तर माल आपोआप खपतोय किंवा टार्गेट कोणी पूर्ण करत नाही. वितरणाच्या धंद्यात हा ठोकताळा चालत नाही. तिथे मार्जिन पातळ असतं, ८ टक्के सुटत असतील तर १०० भागांच्या पगाराचा खर्च निघायलाच १,२५० भागांची विक्री लागते आणि टार्गेट त्याच्या कितीतरी वर असतं.

योजना आखताना साधारण ६० ते ७० टक्के प्रतिनिधी टार्गेट गाठतील असा हिशेब ठेवणं चांगलं मानलं जातं. एखाद्या टीममध्ये दहापैकी दोघेच गाठत असतील तर दोष माणसांचा नाही. वरून आलेला वाढीचा आकडा, म्हणजे "यंदा २५ टक्के वाढ हवी" हा आदेश, एरियाची ताकद न बघता सगळ्यांवर सारखा वाटला गेलेला असतो.

एरिया किंवा खात्यांची यादी किती महत्त्वाची?

मेहनतीइतकीच, आणि काही वर्षी मेहनतीपेक्षा जास्त. ज्या यादीत ग्राहकांचा विस्तार चालू आहे तिथे बसूनही आकडा वाढतो. ज्या यादीतला सर्वांत मोठा ग्राहक दुसऱ्या कंपनीत विलीन होतोय तिथे कितीही पळा, आकडा पडतोच.

यादी हातात आली की तीन गोष्टी काढा. पहिली, वरच्या दोन ग्राहकांकडून एकूण विक्रीचा किती हिस्सा येतो? निम्म्याच्या वर असेल तर तुमचा पगार दोन माणसांच्या निर्णयावर टांगलेला आहे. दुसरी, यंदा मुदत संपणारे करार किती आणि कोणत्या महिन्यांत? तिसरी, कंपनीने थेट स्वतःकडे ठेवलेले ग्राहक तुमच्या एरियात कोणते? त्यांची विक्री तुमच्या हद्दीत होते पण श्रेय तुम्हाला मिळत नाही, त्यांच्या तक्रारी मात्र तुमच्या फोनवर येतात.

वर्षाच्या मध्येच एखादं खातं काढून दुसऱ्याला दिलं तर टार्गेटमधून तेवढा आकडा वजा होणार का, हे लिखित हवं. तोंडी "बघू आपण" याचा वर्षअखेर काहीच उपयोग नसतो.

स्लॅब कसे वाचायचे?

टार्गेटपर्यंत ४ टक्के, त्यापुढे ६ टक्के, अशी योजना घ्या. टार्गेट १,०००, तुमची विक्री १,२००. कमिशन किती?

याची दोन उत्तरं आहेत. वाढीव दर फक्त टार्गेटवरच्या विक्रीला लागत असेल तर पहिल्या १,००० वर ४० आणि पुढच्या २०० वर १२, एकूण ५२ भाग. वाढीव दर सुरुवातीपासूनच्या सगळ्या विक्रीला लागत असेल तर १,२०० चे ६ टक्के, म्हणजे ७२. एकाच वाक्याच्या दोन अर्थांत २० भागांचं अंतर. योजनेत "टार्गेट ओलांडल्यास ६ टक्के" एवढंच लिहिलेलं असेल तर सही करण्याआधी एक सोडवलेलं उदाहरण ईमेलवर मागून घ्या.

दुसरा प्रकार ऐकायला छान वाटतो, पण तो टिकत नाही. त्यात १,००० च्या विक्रीला ४० आणि १,००१ ला ६० च्या वर मिळतात. मग वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात लोक जादा डिस्काउंट देऊन ऑर्डर ओढतात, तर ज्यांना उंबरठा गाठता येणार नाही ते ऑर्डर पुढच्या वर्षात ढकलतात. कंपनीच्या लक्षात आलं की योजना बदलते.

किमान आणि कमाल मर्यादा म्हणजे काय?

किमान मर्यादेखाली व्हेरिएबल शून्य. ती ६० टक्क्यांवर असेल आणि तुम्ही ५९ टक्के केलं तर काही मिळत नाही. कमाल मर्यादेच्या वर कितीही विका, कमिशन वाढत नाही.

या मर्यादा वर्षाला मोजतात की तिमाहीला, यावर बरंच अवलंबून आहे. समजा वर्षाचं व्हेरिएबल ४० भाग, दर तिमाहीला १० भाग. चार तिमाहींतली कामगिरी १४०, ५०, १३० आणि ८० टक्के. वर्षाची सरासरी बरोबर १०० टक्के, म्हणून वार्षिक मोजणीत पूर्ण ४० मिळतील. तिमाही मोजणी आणि ६० टक्क्यांची किमान मर्यादा असेल तर १४ अधिक ० अधिक १३ अधिक ८, म्हणजे ३५. त्यात १२० टक्क्यांची कमाल मर्यादाही असेल तर १२, ०, १२ आणि ८, म्हणजे ३२. काम तेवढंच, कमाई एक पंचमांश कमी. ज्या धंद्यात ऑर्डर मोठ्या आणि विरळ येतात तिथे तिमाही मोजणी प्रतिनिधीवर अन्याय करते. तिमाहीला उचल आणि वर्षअखेर एकूण कामगिरीवर पक्का हिशेब, हा मार्ग मागून पाहा. पुष्कळ कंपन्या तो मान्य करतात.

कमिशन विक्रीवर चांगलं की मार्जिनवर?

मालाची किंमत ठरवणं तुमच्या हातात किती आहे त्यावर ठरतं. मालाची किंमत १००, खर्च ७०, मार्जिन ३०. ग्राहकाने १० टक्के डिस्काउंट मागितला आणि तुम्ही दिला. आता किंमत ९०, मार्जिन २०. विक्रीवर ३ टक्के कमिशन असेल तर ते ३ वरून २.७ वर आलं, म्हणजे दहावा हिस्सा गेला. मार्जिनवर १० टक्के असेल तर ३ वरून २ वर, म्हणजे एक तृतीयांश गेलं.

डिस्काउंट देण्याचा अधिकार तुमच्याकडे असेल तर मार्जिनवरचं कमिशन योग्य आहे आणि किंमत धरून ठेवणाऱ्याला त्यात चांगली कमाई होते. डिस्काउंट वरिष्ठ ठरवत असतील, किंवा वाहतूक, कच्चा माल, चलनाचा दर यांमुळे खर्च हलत असेल, तर दुसऱ्याच्या निर्णयाचा भुर्दंड तुम्हाला बसतो. अशा वेळी 'खर्च' म्हणून कोणता आकडा धरणार, वर्षारंभी ठरवलेला की त्या महिन्याचा प्रत्यक्ष, ते विचारा. वर्षारंभीचा ठरलेला आकडा प्रतिनिधीसाठी सुरक्षित.

मी नवीन ग्राहक आणत नाही, जुनी खातीच सांभाळतो. माझं काम कसं मोजतात?

बहुधा टिकाव आणि वाढ यांवर. वर्षारंभी तुमच्या खात्यांची एकूण किंमत १,००० होती असं धरा. वर्षभरात ८० किमतीचे ग्राहक सोडून गेले, काहींनी आपली खरेदी ४० ने कमी केली आणि राहिलेल्या ग्राहकांनी १७० ची वाढीव खरेदी केली. वाढ न धरता टिकाव ८८ टक्के, वाढ धरून १०५ टक्के. पहिल्या मापाने तुम्ही मागे, दुसऱ्या मापाने पुढे. तुमचा बोनस कोणत्या मापावर आहे हे माहीत नसताना वर्षभर राबू नका.

दोन ठिकाणी नेहमी वाद होतो. कंपनीने सरसकट दरवाढ केली तर ती तुमच्या वाढीत धरणार का? आणि ग्राहकाचं दिवाळं निघालं किंवा त्याने धंदाच बंद केला तर ती गळती तुमच्या नावावर का? चांगल्या योजनेत दोन्हींची उत्तरं आधीच लिहिलेली असतात.

ऑर्डर जानेवारीत आणली, पैसे मेमध्ये मिळाले. असं का?

कमिशन कशावर 'पिकतं' ते योजनेत ठरलेलं असतं: ऑर्डरवर, बिलावर किंवा वसुलीवर. वसुलीवर असेल तर साखळी लांबते. जानेवारीच्या मध्यावर ऑर्डर, फेब्रुवारीत माल पोचला, फेब्रुवारीअखेर बिल, ग्राहकाला ६० दिवसांची उधारी, एप्रिलअखेर पैसे जमा, एप्रिलचा हिशेब मेमध्ये बंद, आणि मेच्या पगारात कमिशन. कोणीही उशीर केलेला नाही, तरी साडेचार महिने गेले. ग्राहकाने बिल ३० दिवस लांबवलं की आणखी एक महिना. पहिल्या वर्षी हातात कमी पैसे येण्याचं हे मोठं कारण आहे, कारण शेवटच्या चार महिन्यांच्या ऑर्डरचं कमिशन पुढच्या वर्षात जातं.

अनेक वर्षांच्या करारावर कमिशन हप्त्यांत देताना कधी कधी "हिशेबाच्या नियमामुळे" असं कारण दिलं जातं. आयएफआरएस १५ हे कंपन्यांच्या हिशेबाचं आंतरराष्ट्रीय मानक २०१८ पासून लागू आहे आणि त्यानुसार करार मिळवण्यासाठी दिलेलं कमिशन कंपनीला सहसा मालमत्ता म्हणून नोंदवून काळानुसार खर्चात टाकावं लागतं. पण ही कंपनीच्या पुस्तकातली नोंद झाली. तुम्हाला पैसे कधी द्यायचे हे ते मानक ठरवत नाही, तुमची योजना ठरवते.

दिलेलं कमिशन परत कापून घेऊ शकतात का?

योजनेत तशी अट असेल तर बहुतेक ठिकाणी घेतात, स्थानिक कामगार कायद्याच्या चौकटीत. सहसा ग्राहकाने ठरावीक मुदतीत करार रद्द केला, माल परत केला किंवा पैसे बुडवले की कपात होते. मुदत किती, ९० दिवस की वर्ष, आणि कपात पूर्ण की उरलेल्या काळाच्या प्रमाणात, हे पाहा. बारा महिन्यांच्या कराराचे नऊ महिने ग्राहकाने नीट पैसे भरले आणि मग सोडला, तर सगळं कमिशन कापणं न्याय्य नाही. एक चतुर्थांश कापणं समजू शकतं. माल खराब निघाल्यामुळे किंवा पुरवठा न झाल्यामुळे ग्राहक गेला तर कपात नाही, अशी ओळ घालून घ्यायचा प्रयत्न जरूर करावा.

नवीन नोकरीत पहिले काही महिने विक्री होत नाही. तेव्हा काय?

दोन सोयी असतात. एक म्हणजे चढतं टार्गेट: पहिल्या महिन्यात शून्य, मग २५, ५०, ७५ टक्के आणि पाचव्या महिन्यापासून पूर्ण. दुसरी म्हणजे कमिशनपोटी उचल.

चढत्या टार्गेटची मुदत आणि विक्रीला लागणारा वेळ यांची तुलना करा. पहिल्या भेटीपासून सहीपर्यंत सहा महिने लागत असतील आणि पूर्ण टार्गेट चौथ्या महिन्यात लागू होत असेल तर दोन-तीन महिने तुम्ही हमखास नापास होणार, कितीही हुशार असलात तरी. प्रशिक्षणाचा काळ अधिक विक्रीचा पूर्ण कालावधी, एवढी मुदत मागणं वाजवी आहे.

उचल फेडायची आहे की नाही, ते शब्दांत पकडा. महिन्याला ५ भाग याप्रमाणे चार महिने उचल घेतली, एकूण २०, आणि त्या काळात कमिशन ८ भागांचंच झालं. फेडायची उचल असेल तर १२ भाग तुमच्या डोक्यावर कर्ज म्हणून राहतात आणि पुढच्या कमिशनमधून कापले जातात. न फेडायची असेल तर विषय संपला. मध्येच नोकरी सोडली तर उरलेल्या १२ चं काय, हेही तिथेच विचारून घ्या.

शिक्षण आणि अनुभवाने किती फरक पडतो?

अनुभवाने सुरुवातीच्या चार-पाच वर्षांत बराच, नंतर कमी. पुढची वाढ वर्षांवर अवलंबून न राहता खात्यांच्या आकारावर येते. लहान वीस ग्राहक सांभाळणाऱ्यापेक्षा मोठे तीन सांभाळणाऱ्याला जास्त मिळतं, कारण तिथे खरेदी विभाग, वित्त विभाग आणि प्रत्यक्ष वापरणारे अशा सगळ्यांशी एकाच वेळी बोलणी जमवावी लागतात. पदवीचं महत्त्व तांत्रिक आणि वैद्यकीय मालात मोठं, इतरत्र पहिल्या नोकरीपुरतं. ग्राहकाची भाषा येणं आणि त्याच्या धंद्यातल्या अडचणी माहीत असणं हे दोन्ही पगारात मोजले जातात.

एका ऑर्डरवर दोघांनी काम केलं तर?

श्रेय वाटलं जातं, बहुतेक ५०:५० किंवा ज्याचं खातं त्याला जास्त. वाटप ऑर्डर येण्याआधी सिस्टिममध्ये नोंदवून घ्यावं. ऑर्डर आल्यावर प्रत्येकाला आपलाच वाटा मोठा दिसतो.

कमिशनचा हिशेब बरोबर आहे हे कसं तपासायचं?

स्वतःची वही ठेवा. साधी स्प्रेडशीट पुरते. प्रत्येक ऑर्डरला एक ओळ: ऑर्डर क्रमांक, ग्राहक, तारीख, कर सोडून रक्कम, डिस्काउंट, तुमचा वाटा, बिलाची तारीख, पैसे जमा झाल्याची तारीख, लागू दर, येणं असलेलं कमिशन आणि आलेलं कमिशन. शेवटचे दोन रकाने जुळले नाहीत की त्याच आठवड्यात लेखी कळवा. बऱ्याच योजनांत हरकतीसाठी ३० किंवा ६० दिवसांची मुदत असते आणि ती उलटली की आकडा अंतिम धरला जातो.

चुका ठरलेल्या जागी होतात. सिस्टिममध्ये खातं अजून जुन्या प्रतिनिधीच्या नावावर असतं. ग्राहकाची शाखा मुख्य कंपनीच्या खात्यात मिसळली जाते आणि ऑर्डर दुसऱ्याच्या नावावर जाते. अर्धा माल आधी, अर्धा नंतर गेला तर दुसरं बिल सुटतं. क्रेडिट नोट (बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद) एकाच मालाची असते पण वजा पूर्ण बिलातून होते. परकीय चलनातल्या ऑर्डरला कोणत्या दिवसाचा दर लावला ते कोणी सांगत नाही. आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी आलेली ऑर्डर पुढच्या महिन्यात पडते, त्याने तिमाहीची किमान मर्यादा हुकते. यातलं बहुतेक सगळं नजरचुकीने होतं, पण शोधायचं काम तुम्हालाच करावं लागतं, कारण तुमच्याइतकी ती ऑर्डर कोणालाच पाठ नसते.

नोकरी सोडली तर अडकलेल्या कमिशनचं काय?

योजनेतल्या एका वाक्यावर ठरतं. "देय तारखेला नोकरीत असणं आवश्यक" असं असेल तर राजीनाम्यानंतरची वसुली तुमच्या हिशेबात येत नाही. काही ठिकाणी कायदा प्रतिनिधीच्या बाजूने उभा राहतो, म्हणून स्थानिक नियम पाहावेत. राजीनामा देण्याआधी वर सांगितलेल्या वहीतून येणं असलेली रक्कम काढा. मोठं कमिशन पुढच्या महिन्यात पडणार असेल तर तारीख पुढे घ्या, किंवा नवीन कंपनीकडे तेवढी रक्कम जॉइनिंग बोनस म्हणून मागा. लेखी हिशेब दाखवला की ही मागणी बऱ्याचदा मान्य होते. सोडण्याआधी येणं असलेल्या रकमांचा तपशील स्वतःजवळ ठेवा, मात्र ग्राहकांची यादी किंवा कंपनीची कागदपत्रं नेऊ नका. ते निमित्त करून सगळंच रोखलं जाऊ शकतं.

कंपनी वर्षाच्या मध्ये योजना बदलू शकते का?

बहुतेक योजनांत "कंपनी केव्हाही बदल करू शकते" अशी ओळ असते. बदल पुढच्या ऑर्डरना लावणं वेगळं आणि आधीच पिकलेल्या कमिशनला लावणं वेगळं. दुसऱ्याला हरकत घ्यावी. एखादी अनपेक्षित मोठी ऑर्डर आल्यावर कमिशनचा फेरविचार करण्याचं कलमही शोधा. ते असेल तर किती मोठ्या ऑर्डरला लागू, आणि फेरविचार कोण करणार, हे लिहून घ्या. आकडा न लिहिलेलं असं कलम म्हणजे मागच्या दाराने आणलेली कमाल मर्यादा.

ऑफर घेण्याआधी काय मागावं, काय विचारावं?

कमिशन योजनेची पूर्ण प्रत मागा, ऑफर लेटरमधला सारांश पुरेसा नाही. मग विचारा: गेल्या वर्षी या पदावरच्या किती जणांनी टार्गेट पूर्ण केलं? हीच खाती आधी कोणाकडे होती आणि तो माणूस कुठे गेला? त्याचं टार्गेट किती होतं आणि माझं किती? प्रवास, फोन, गाडी यांचा खर्च कोण करतं आणि किती दिवसांत परत मिळतो? उत्तरं टाळली गेली तर त्यातही उत्तर आहे. पगाराची मर्यादा आधी सांगणं काही ठिकाणी कायद्याने बंधनकारक होत आहे. युरोपीय संघाचा २०२३ चा वेतन पारदर्शकता निर्देश तसं सांगतो आणि उमेदवाराला जुना पगार विचारायलाही मनाई करतो.

मूळ पगार श्रेणीत बांधलेला असतो, तिथे फार हलत नाही. हलतं ते दुसरीकडे: चढत्या टार्गेटची मुदत, पहिल्या वर्षाचं टार्गेट, न फेडायची उचल, खात्यांची यादी. मूळ पगारात २ भाग वाढवून घेण्यात सगळी ताकद घालवण्यापेक्षा टार्गेट १० टक्क्यांनी खाली आणलंत तर ४० भागांच्या व्हेरिएबलवर, सरळ दराने, तेवढ्याच विक्रीला ४ भागांहून थोडे जास्त मिळतात. ही मागणी करताना कारण आकड्यात द्या. "या यादीतले दोन करार यंदा संपतात, त्यांची किंमत १२० आहे, म्हणून टार्गेट १,००० ऐवजी ९०० धरावं" हे वाक्य "टार्गेट जास्त वाटतं" यापेक्षा कितीतरी वजनदार आहे. तोंडी मान्य झालेली प्रत्येक गोष्ट त्याच संध्याकाळी ईमेलवर लिहून पाठवा आणि "बरोबर आहे" असं उत्तर आल्याशिवाय जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.